मेट्रोप्लेक्स, डेट्रॉइट आणि 12 इंची रेकॉर्ड: टेक्नोचं छोटं लेबल प्रत्यक्षात कसं चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मागे कुठलीही मोठी कंपनी नसताना मेट्रोप्लेक्ससारख्या डेट्रॉइटच्या लेबलांनी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड-कंपन्यांनी, टेक्नोच्या (यंत्रांवर बनलेल्या नाचाच्या संगीताच्या) रेकॉर्ड्स काढल्या आणि खपवल्या कशा? आणि त्याच वाटेने आज पुण्या-मुंबईतून 300 प्रतींची 12 इंची रेकॉर्ड काढायची झाली तर काय काय करावं लागतं, कुठे चुकतं? दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलगच देतो.

टेक्नो मशिनांमुळे जन्माला आलं, असं सर्रास सांगितलं जातं. मशिनं मुंबईतही होती. चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत रोलंडच्या टीआर-808 (ठेक्याचं यंत्र), टीबी-303 (बासचं यंत्र) आणि ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले, आणि एचएमव्हीने ती एलपी बाजारात आणली. 303 चा तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा चिवट आवाज त्या रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू येतो. शिकागोचं अ‍ॅसिड हाउस, म्हणजे त्याच 303 च्या आवाजावर उभं राहिलेलं नाचाचं संगीत, त्यानंतर काही वर्षांनी आलं. पण त्या रेकॉर्डच्या पाठीवर दुसरी आली नाही. ती लावून धरणारा रेडिओ नव्हता, तिच्यावर रात्रभर नाचणारा क्लब नव्हता, आणि पुढची काढायची की नाही हे वादकाच्या हातात नव्हतं. 2010 मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलने ती पुन्हा काढली तेव्हा जगाला तिचा पत्ता लागला. डेट्रॉइटमध्ये नेमकी ही उणीव भरून निघाली होती. तिथे रेकॉर्ड करणाऱ्यांच्याच हातात लेबल होतं, आणि लेबलचं मुख्य काम माझ्या मते एकच: पहिल्या रेकॉर्डमधून दुसरीची सोय करणं. खालच्या प्रत्येक तांत्रिक निर्णयाला मी हीच कसोटी लावतो.

हुआन अ‍ॅटकिन्स यांनी मेट्रोप्लेक्स 1985 मध्ये सुरू केलं. त्याआधी रिक डेव्हिस यांच्याबरोबर 'सायबोट्रॉन' या नावाने त्यांची पहिली रेकॉर्ड 1981 मध्ये निघाली होती, तीही 'डीप स्पेस' या घरच्याच लेबलवर. पुढे कॅलिफोर्नियातल्या फँटसी कंपनीशी करार झाला, 1983 मध्ये 'क्लिअर' गाजलं, पण डेव्हिस यांचा ओढा रॉककडे आणि अ‍ॅटकिन्स यांचा यंत्रसंगीताकडे, म्हणून वाटा वेगळ्या झाल्या. मेट्रोप्लेक्सचा पहिला क्रमांक एम-001, 'मॉडेल 500' या नावाने काढलेली 'नो यूएफओज'. मॉडेल 500 म्हणजे अ‍ॅटकिन्स स्वतःच. शाळेपासूनचे मित्र डेरिक मे यांनी 1986 मध्ये ट्रान्समॅट काढलं. ट्रान्समॅटच्या रेकॉर्डवर क्रमांकाआधी 'एमएस' दिसतं, ते मेट्रोप्लेक्सचं उपलेबल या अर्थाने. तिसरे मित्र केव्हिन सॉन्डरसन यांचं केएमएस, ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. पुढे या तिन्ही लेबलांच्या कचेऱ्या ईस्टर्न मार्केटजवळ ग्रॅशिअट अ‍ॅव्हेन्यूवर शेजारीशेजारी होत्या.

शहराची अवस्था काय होती? 1950 मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, 1990 मध्ये ती सव्वादहा लाखांवर आली. मोटाउन कंपनी 1972 मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेली. मात्र रेकॉर्ड कापण्या-छापण्याचं कसब शहरात उरलं होतं. आर्चर रेकॉर्ड प्रेसिंग हा कौटुंबिक कारखाना 1965 पासून चालू होता आणि शहरातल्या टेक्नोच्या असंख्य रेकॉर्ड्स तिथेच दाबल्या गेल्या. कटिंगसाठी (मूळ तबकडीवर, म्हणजे लॅकरवर, खाच कोरण्यासाठी) रॉन मर्फी यांचं नॅशनल साउंड कॉर्पोरेशन होतं. गाणं तयार करणारा, ते लॅकरवर कोरणारा आणि तबकडी दाबणारा हे तिघे एकाच शहरात, मोटारने जाऊन भेटता येतील असे. टेस्ट प्रेसिंगमध्ये (चाचणीच्या प्रतींत) बास कमी वाटला तर माणूस उठून कटिंगवाल्याकडे जात असे आणि सुई खाचेत ठेवून दोघं मिळून ऐकत असत. त्या काळच्या रेकॉर्ड्स इतक्या ताकदीच्या का वाजतात, याचं माझ्या दृष्टीने हे मोठं कारण आहे.

बाकीचे दुवे पटकन सांगतो. रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने चार्ल्स जॉन्सन 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून क्राफ्टवर्क, प्रिन्स आणि पार्लमेंट अशा वेगवेगळ्या धाटणीच्या कलाकारांना एका पंगतीत वाजवत होते. जेफ मिल्स 'द विझर्ड' म्हणून रेडिओवर येत. 1988-89 मध्ये 1315 ब्रॉडवे इथे म्युझिक इन्स्टिट्यूट हा क्लब होता. दुकानांत रोझव्हिलमधलं रेकॉर्ड टाइम महत्त्वाचं. पुढे 1992 च्या सुमारास अंडरग्राउंड रेझिस्टन्स या डेट्रॉइटच्या गटाच्या आणि लेबलच्या माइक बँक्स यांच्या मंडळींनी सबमर्ज ही वितरणसंस्था उभी केली आणि शहरातल्या अनेक छोट्या लेबलांचा माल एका छताखालून बाहेर जाऊ लागला.

धंद्याचं गणित साधं आणि कडक होतं. पदरचे पैसे घालून काही शे प्रती छापायच्या. त्यातल्या थोड्या रेडिओच्या आणि क्लबच्या डीजेंना फुकट. थोड्या स्थानिक दुकानांत जांगड, म्हणजे विकल्या तर पैसे, नाहीतर माल परत. उरलेल्या शिकागोकडे, कारण तिथे हाउसमुळे गिऱ्हाईक तयार होतं. पहिल्या छपाईचे पैसे सुटले की त्यातूनच पुनर्छपाई, नाहीतर पुढचा क्रमांक. परदेशाचं दार 1988 मध्ये उघडलं: इंग्लंडमधले नील रश्टन यांनी व्हर्जिनच्या 10 रेकॉर्ड्सवर डेट्रॉइटचा संकलित अल्बम काढला. त्याच्या शीर्षकात आधी 'हाउस' हा शब्द येणार होता. अ‍ॅटकिन्स यांच्या गाण्यावरून तो 'टेक्नो' झाला आणि शैलीला नाव मिळालं. त्याच वर्षी सॉन्डरसन यांच्या इनर सिटीचं 'बिग फन' इंग्लंडच्या पहिल्या दहांत गेलं.

आता तुमच्या 300 प्रतींकडे येऊ.

मशिनं आणि त्यांचा मेळ

जुनी मशिनं मिळाली तर उत्तम, नाहीतर त्यांच्या आजच्या प्रतिकृतींवरही काम होतं. पण आतली रचना माहीत हवी, कारण कटिंगच्या वेळी तीच आडवी येते. 808 पूर्णपणे अ‍ॅनालॉग आहे, झांजेचा आवाजसुद्धा सहा स्क्वेअर-वेव्ह ऑसिलेटर मिसळून तयार होतो. रोलंडच्याच टीआर-909 या ठेक्याच्या यंत्रात किक (मोठ्या ढोलाचा ठोका), स्नेअर, टॉम, रिम आणि टाळी अ‍ॅनालॉग, पण हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि झांजा म्हणजे 6-बिटचे ध्वनिमुद्रित नमुने. त्यामुळे 909 च्या हायहॅटला जी खरखरीत धार असते ती लॅकरवर कोरताना त्रास देते. त्यावर पुढे येतो.

808 ला मिडी (यंत्रं एकमेकांना जोडण्याची सामाईक पद्धत) नाही. ते रोलंडच्या डिन-सिंक या जुन्या जोडणीवर चालतं, एका मात्रेला 24 स्पंद. 909 ला मिडी आणि डिन-सिंक दोन्ही आहे, म्हणून डेट्रॉइटच्या पद्धतीत 909 ला मधला दुवा करून त्याच्या मागे 808 आणि 303 लावता येतात. हमखास चूक होते ती कॉर्गच्या जुन्या यंत्राला जोडताना: कॉर्गचं सिंक 48 स्पंदांचं, त्यामुळे ते निम्म्या किंवा दुप्पट वेगाने पळतं. मध्ये स्पंदांचं प्रमाण बदलणारी सिंकची डबी ठेवली की प्रश्न मिटतो.

रेकॉर्डची लांबी आणि वेग

12 इंची तबकडीवर खाच बाहेरून साधारण 146 मिलिमीटर त्रिज्येपासून सुरू होते आणि आत 60 मिलिमीटरच्या आसपास संपवावी लागते. म्हणजे हाताशी साधारण 86 मिलिमीटरचा पट्टा. 33⅓ च्या वेगावर (मिनिटाला इतके फेरे) 6 मिनिटांचं गाणं म्हणजे 200 फेरे. ते 60 मिलिमीटरमध्ये बसवलं तर प्रत्येक फेऱ्याला 0.3 मिलिमीटर जागा मिळते, आणि किक ऐसपैस कोरता येते. त्याच बाजूवर 20 मिनिटं कोंबली तर 667 फेरे होतात, पूर्ण पट्टा वापरूनही फेऱ्यामागे 0.13 मिलिमीटर उरतं. मग शेजारची खाच तुटू नये म्हणून इंजिनिअरला आवाज खाली घ्यावाच लागतो. 'माझी रेकॉर्ड क्लबमध्ये दुसऱ्यांपेक्षा कमी आवाजात का वाजते' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. क्लबसाठी एका बाजूला एक गाणं, 6 ते 7 मिनिटं, हे माप मोडू नका. 45 वर 9 मिनिटांपलीकडे आणि 33⅓ वर 12 मिनिटांपलीकडे गेलात की आवाजाची किंमत मोजावी लागते.

वेगाचा दुसरा परिणाम वरच्या सुरांवर होतो. 33⅓ ला बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर धावते, आतल्या टोकाला जेमतेम 21 सेंटिमीटर. 10 किलोहर्ट्झच्या एका लहरीला बाहेर 51 मायक्रोमीटर जागा मिळते, आत फक्त 21. डीजे वापरतात त्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण 18 मायक्रोमीटर, म्हणजे आत ती सुई त्या लहरीत शिरूच शकत नाही. हायहॅट फाटल्यासारखे वाजतात ते म्हणून. 45 वर ही जागा 35 टक्के वाढते. एका बाजूला दोन गाणी घालायचीच असतील तर झगझगीत, हायहॅटने भरलेलं गाणं बाहेर आणि मऊ, मंद गाणं आत ठेवा.

मिक्स करताना काय जपायचं

खाचेचं आडवं हलणं म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, उभं हलणं म्हणजे वजाबाकी. किक आणि बास मधोमध असतील तर सुई फक्त डावी-उजवी हलते. पण बासवर स्टिरिओ कोरस लावला, किंवा रुंद करणारा एखादा प्लगइन सगळ्या मिक्सवर बसवला, की खालचे सूर उलट फेजमध्ये जातात आणि कोरणारं टोक वर-खाली होऊ लागतं. वर गेलं की खाच इतकी उथळ होते की वाजवताना सुई बाहेर उडी मारते. खाली गेलं की ते थेट अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोचू शकतं. म्हणून 150 हर्ट्झच्या खाली सगळं मोनो करून पाठवा. कटिंगवाल्याकडे त्यासाठी फिल्टर असतोच, पण तो संपूर्ण मिक्सवर लागतो. तुम्ही फक्त बासच्या ट्रॅकवर लावू शकता. तपासायला एक सोपी युक्ती: मिक्स मोनो करून ऐका. बास पातळ झाला तर घोडं तिथेच पेंड खातंय.

हायहॅटचं कारण वेगळं. कोरताना खालचे सूर दाबले जातात आणि वरचे चढवले जातात. वाजवताना प्रीअ‍ॅम्प त्याच्या उलट करतो. 20 किलोहर्ट्झपाशी ही चढण जवळजवळ 20 डेसिबलची असते. मग 909 चा उघडा हायहॅट सोळाच्या सोळा पाव मात्रांवर मोठ्याने वाजत असेल तर कटिंग हेडची कॉइल तापते, आणि ती जळू नये म्हणून इंजिनिअर सगळ्या गाण्याचेच वरचे सूर खाली आणतो. त्यापेक्षा तुम्हीच मिक्समध्ये हायहॅट दोन-तीन डेसिबल खाली घ्या आणि 16 किलोहर्ट्झच्या वर हळुवार उतार द्या. रेकॉर्ड जास्त उजळ वाजेल.

शेवटचा लिमिटर काढून टाका. डिजिटल फाइलला लिमिटरने सपाट केलेलं टोक खाचेत जागा अडवतं, पण तबकडी मोठ्याने वाजत नाही. 24-बिटची वेव्ह फाइल, वरच्या टोकाला 3 डेसिबलची मोकळीक, प्रत्येक बाजूसाठी एक फाइल, आणि सोबत कागदावर गाण्यांची सुरुवात-शेवट मिनिट-सेकंदांत. हा कागद विसरला जातो आणि मग दोन गाण्यांमधली मोकळी जागा चुकीच्या ठिकाणी पडते.

लॅकर, बंद खाच आणि कोऱ्या पट्टीवरची अक्षरं

लॅकर म्हणजे 14 इंची अ‍ॅल्युमिनियमची चकती, वर काळ्या नायट्रोसेल्युलोजचा थर. तापवलेलं माणिक किंवा नीलमण्याचं टोक त्यात खाच कोरतं आणि निघणारा केसासारखा धागा नळीतून शोषून घेतला जातो. तो धागा टोकाशी अडकला की तो फेरा वाया, आणि बहुधा अख्खी बाजू पहिल्यापासून. ज्या लॅकरवरून धातूचे साचे होणार ते कधीच वाजवायचं नाही. आधी ऐकायचं असेल तर वेगळं संदर्भ-लॅकर कापून घ्या. लॅकर थोड्या दिवसांत साच्याला गेलं पाहिजे, कारण खाच हळूहळू सैल होते, वरचे सूर मंदावतात आणि शेजारच्या फेऱ्याचा पुसट प्रतिध्वनी उमटू लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावातला लॅकरचा मोठा कारखाना जळाला तेव्हा जगाला पुरवठ्यासाठी मुख्यतः जपानमधल्या एकाच कारखान्यावर अवलंबून राहावं लागलं. म्हणून कटिंगची वेळ आधी पक्की करा, मग बाकीचं. तांब्यावर थेट कोरण्याचा पर्याय आहे. त्यात एक टप्पा वाचतो आणि आवाज स्वच्छ येतो, पण माझ्या कानाला टेक्नोच्या किकला लॅकरच बरं.

आता डेट्रॉइटने केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट. 33⅓ वर एक फेरा 1.8 सेकंदांचा असतो. चार मात्रा बरोबर 1.8 सेकंदांत बसायच्या तर वेग 133.33 बीपीएम (मिनिटाला इतक्या मात्रा) हवा. मग खाचेचं टोक तिच्याच सुरुवातीला जोडलं तर तोच एक आवर्तनाचा तुकडा सुई उचलेपर्यंत अखंड वाजत राहतो. जेफ मिल्स यांच्या अ‍ॅक्सिस लेबलच्या 1994 च्या 'सायकल 30' वर अशा आठ बंद खाचा एका बाजूला आहेत. त्याआधी 1992 मध्ये मिल्स, बँक्स आणि रॉबर्ट हूड यांच्या एक्स-102 या गटाने शनीच्या कड्यांवरची रेकॉर्ड केली, तिथे गाण्यांच्या पट्ट्यांची रुंदी कड्यांच्या मांडणीवरून ठरवली होती. तबकडीचा आकारच त्यांच्यासाठी रचनेचा भाग होता.

बंद खाच हवी असेल तर तुकडा 48 किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये नेमका 86,400 सॅम्पलचा हवा, 44.1 मध्ये 79,380. तोच तुकडा सलग अर्धा मिनिट जोडून पाठवा, म्हणजे इंजिनिअर त्यातला कुठलाही एक फेरा पकडू शकतो. तुमचं गाणं 130 बीपीएमचं असेल तर चार मात्रांना 1.846 सेकंद लागतात. दर फेऱ्याला 46 मिलिसेकंद कापले जातात आणि किक प्रत्येक वेळी ठेचकाळते. 45 वर फेरा 1.333 सेकंदांचा, तिथे 135 बीपीएमच्या तीनच मात्रा बसतात, म्हणजे 64,000 सॅम्पल. चारांचा ठेका हवा असेल तर 33⅓ च घ्या. जोडावर एक बारीक टक् ऐकू येतो. तो पूर्णपणे टाळता येत नाही, पण जोड किकच्या ठोक्यावर आणला तर झाकला जातो.

हेच गणित डोळ्यांनीही दिसतं. 133 च्या आसपासच्या गाण्याची तबकडी तिरपी धरून दिव्याखाली हलवा. किकच्या चार रांगा मध्यापासून काठापर्यंत चाकाच्या आऱ्यांसारख्या जवळजवळ सरळ दिसतात. 120 चं गाणं असेल तर एका फेऱ्यात 3.6 मात्रा येतात आणि त्याच रांगा वळत वळत भोवऱ्यासारख्या होतात. जिथे किक थांबते तिथे गडद, गुळगुळीत पट्टा. डीजे अंधारात गाण्याचा मधला भाग शोधतात ते हे पाहूनच.

गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलापर्यंत जी कोरी पट्टी उरते, तिच्यावर हाताने कोरलेली अक्षरं वाचायची सवय लावा. मर्फी यांच्या कटिंगवर 'एनएससी' आणि सोबत संगीताचं चिन्ह दिसतं. जुन्या रेकॉर्ड्स विकत घेणाऱ्यांसाठी इथे एक उपयोगी मेख आहे. लेबलवर 1985 छापलेलं असेल आणि पट्टीवर एनएससीची खूण असेल तर ती प्रत नंतरच्या कटिंगची समजावी, कारण मर्फी यांचं टेक्नोचं काम 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. लेबलवरचं साल गाण्याचं असतं, पट्टीवरची खूण त्या साच्याची. भाव ठरवताना पट्टी बघावी. तुमच्या रेकॉर्डवरही क्रमांक, बाजू आणि एखादा शब्द कोरून घ्या. अंडरग्राउंड रेझिस्टन्स तिथे आपले संदेश कोरत असे.

साचे, टेस्ट प्रेसिंग, छपाई

लॅकरवर चांदीचा फवारा, मग निकेलचा थर. तो सोलून काढला की 'फादर', उलटा साचा. त्यावरून 'मदर', जी सुलटी असते आणि वाजवूनही बघता येते. मदरवरून 'स्टॅम्पर', जो प्रेसमध्ये बसतो. एका स्टॅम्परमधून साधारण हजारभर चांगल्या प्रती निघतात. 300 प्रतींसाठी कारखाना सुचवेल की फादरलाच स्टॅम्पर करू, खर्च वाचेल. कागदावर ते बरोबर आहे. पण तो साचा झिजला किंवा चिरला की हाती काहीच उरत नाही, पुनर्छपाईसाठी परत लॅकर कापावं लागतं. मदरचे पैसे द्या. लेबलची दुसरी कमाई त्या धातूच्या चकतीत असते.

टेस्ट प्रेसिंगच्या 5 प्रती येतात. सगळ्या, दोन्ही बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन वेगळ्या सुयांवर ऐका. टक् आवाज कुठे येतो ते मिनिट-सेकंदांत लिहा. एकाच प्रतीत असेल तर धूळ किंवा प्रेसची चूक, सोडून द्या. पाचही प्रतींत त्याच जागी असेल तर दोष साच्यात आहे. मदर वाजवून बघायला सांगा: तिथे नसेल तर नवा स्टॅम्पर पुरे, तिथेही असेल तर लॅकरपर्यंत मागे जावं लागेल. आवाज दर फेऱ्याला डुगडुगत असेल तर भोक मध्यावर नाही. काही सेकंद फाटल्यासारखी खसखस येत असेल तर पीव्हीसी खाचेत नीट भरलं गेलेलं नाही, म्हणजे प्रेसचं तापमान किंवा मालाचं प्रमाण कमी पडलं. 'मला आवाज आवडला नाही' असं लिहून कारखाना काहीच करू शकत नाही. 'बाजू ब, 2 मिनिटं 14 सेकंद, पाचही प्रतींत' असं लिहिलं की काम होतं.

लेबलचा कागद चिकटवलेला नसतो, तो पीव्हीसीच्या गोळ्याबरोबरच दाबला जातो. म्हणून आधी भट्टीत वाळवतात. ओल राहिली तर फोड येतात, आणि पावसाळ्यात मुंबईहून छापून पाठवलेली लेबलं हा धोका घेऊनच जातात. कारखान्याकडूनच छापून घ्या. अ आणि ब बाजूंची लेबलं उलटी लागणं ही चूक इतकी नेहमीची आहे की टेस्टच्या वेळीच पट्टीवरचा क्रमांक आणि बाजू कारखान्याला लेखी कळवावी. छपाईत दहा टक्के कमी-जास्त प्रती येतात, पैसे आलेल्या प्रतींचे द्यावे लागतात, ते धरूनच हिशोब करा.

140 ग्रॅमची तबकडी पुरे. 180 ग्रॅमने आवाज सुधारत नाही, टपालखर्च वाढतो. जाड पुठ्ठ्याच्या रंगीत कव्हरऐवजी मधोमध भोक असलेलं साधं कव्हर घ्या, डेट्रॉइटच्या बहुतेक 12 इंची रेकॉर्ड्स तशाच येत. 50 प्रतींचं खोकं 12 किलोच्या आसपास भरतं, 300 म्हणजे अशी सहा. खोकी उभीच ठेवायची, एकावर एक आडवी कधीच नाहीत. पीव्हीसी साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं, आणि एप्रिल-मे मध्ये नागपुरातच नव्हे, पुण्यातही उन्हात उभ्या मोटारीत ते तापमान सहज गाठलं जातं. एका दुपारीत सगळी छपाई वाकडी होऊ शकते.

विक्री आणि हक्क

300 मधल्या 30 प्रती बाजूला काढा: डीजे, रेडिओ, कटिंगवाला, आणि स्वतःच्या कपाटासाठी किमान दहा. उरलेल्या सगळ्या एकाच वितरकाला देऊ नका, त्याचे पैसे अडकले की दुसरा क्रमांक तिथेच मेला. परदेशी वितरकाला निम्म्या, रोखीने किंवा ठरलेल्या तारखेने. इथल्या दुकानांना जांगड, पण दर महिन्याला जाऊन मोजायच्या. बाकी थेट ऐकणाऱ्यांना. पुनर्छपाई पहिल्या प्रती संपल्याबरोबर करू नका. दुकानं दुसऱ्यांदा मागेपर्यंत थांबा.

परदेशी लेबलने गाणं मागितलं तर मुदत आणि प्रदेश लिहून घ्या: इतकी वर्षं, इतके देश, मूळ मालकी तुमचीच. ट्रेझोर या बर्लिनच्या लेबलने 1991 मध्ये पहिला क्रमांक काढला तो डेट्रॉइटच्या एक्स-101 या गटाचा, आणि तरीही डेट्रॉइटच्या मंडळींनी आपली घरची लेबलं चालूच ठेवली. हे जमलं कारण मूळ टेप आणि नावं त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होती.

कारखान्याशी करार करताना दोन ओळी न विसरता घाला. लॅकर आणि मदर ही कोणाची मालमत्ता, आणि छपाईनंतर किती वर्षं ती तिथे सांभाळली जाणार. अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीत मागणी आली नाही तर धातू वितळवला जातो. मुदत संपायच्या आत मदर मागवून घ्या, कापडात गुंडाळून कोरड्या जागी उभी ठेवा, आणि पाठीवर मार्करने रेकॉर्डचा क्रमांक लिहा.